कर्नलची ॲड्रेस स्पेस कशी आखायची: ३२ बिटच्या वाटणीपासून ५ पातळ्यांच्या पेज टेबलपर्यंत

४ जीबी रॅमचं ३२ बिट यंत्र. 'फ्री' कमांड दोन जीबी मोकळी दाखवते, आणि त्याच वेळी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये नेटवर्क ड्रायव्हर मेमरी मिळत नाही म्हणून तक्रार करतो. दोघंही खरंच सांगत असतात. रॅम शिल्लक आहे, पण त्या रॅमकडे बोट दाखवायला कर्नलच्या वाट्याचे पत्ते संपले आहेत. या पत्त्यांचा सगळा पसारा म्हणजे ॲड्रेस स्पेस.

रॅम वाढवता येते. पत्त्यांची संख्या मात्र प्रोसेसर आणि कर्नलची कॉन्फिग (बांधणीची सेटिंग) मिळून ठरवतात, आणि ती वापरणाऱ्या प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात आधीच वाटलेली असते. या वाटणीतली बहुतेक आखणी कर्नल बांधतानाच पक्की होते. काही गोष्टी बूट करताना देता येतात, आणि चालत्या यंत्रावर अगदी मोजक्या बदलता येतात. लेखाचा भर लिनक्सवर आहे, कारण तिथे हे सगळं उघड्यावर दिसतं. कमांड, फाइलींची नावं आणि कॉन्फिगचे पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

पायरी १: काय आहे ते आधी वाचा

काहीही बदलण्याआधी पाच गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या.

'युनेम -एम' चालवलं की कर्नल ३२ बिट आहे की ६४ हे कळतं. लक्षात घ्या, हे उत्तर कर्नलचं आहे. त्यावर चालणारे प्रोग्रॅम ३२ बिटचे असू शकतात आणि पुष्कळदा असतात.

'गेटकॉन्फ पेजसाइझ' पानाचा आकार सांगतं. पान म्हणजे मेमरी वाटण्याचा ठरीव तुकडा, आणि कुठलं पान खऱ्या रॅममध्ये कुठे आहे हे पेज टेबलात लिहिलेलं असतं. एक्स८६ वर उत्तर ४०९६ बाइट येणार हे ठरलेलं आहे. आर्म६४ वर मात्र ते गृहीत धरू नका: रास्पबेरी पाय ५ च्या अधिकृत प्रणालीचा नेहमीचा कर्नल १६ केबीची पानं वापरतो.

एक्स८६ वर '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मध्ये 'ॲड्रेस साइझेस' अशी एक ओळ असते, उदाहरणार्थ '३९ बिट्स फिजिकल, ४८ बिट्स व्हर्च्युअल'. पहिला आकडा प्रोसेसर किती खऱ्या मेमरीपर्यंत पोचू शकतो ते सांगतो (३९ बिट म्हणजे ५१२ जीबी), आणि दुसरा आभासी पत्त्यांची (प्रोग्रॅम आणि कर्नल वापरतात त्यांची) रुंदी (४८ बिट म्हणजे २५६ टीबी). हे दोन आकडे एकमेकांत मिसळणं ही या विषयातली सर्वांत सामान्य गल्लत आहे. रिस्क-व्ही वर याच फाइलमध्ये 'एमएमयू' अशी ओळ सापडते.

नंतर कर्नलची कॉन्फिग. '/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड' नसेल तर '/बूट' मध्ये चालू आवृत्तीच्या नावाची कॉन्फिग फाइल असते. तिच्यात 'व्हीएमस्प्लिट', 'पेज_ऑफसेट', 'पीजीटेबल_लेव्हल्स' आणि 'व्हीए_बिट्स' हे शब्द शोधा.

शेवटी '/प्रॉक/मेमइन्फो'. 'लोटोटल' आणि 'हायटोटल' या ओळी दिसल्या तर कर्नल हायमेमवाला आहे (अर्थ पायरी ३ मध्ये). 'व्हीमॅलॉकटोटल' आणि 'पेजटेबल्स' हे आकडे पुढे लागणार आहेत, तेही लिहून ठेवा. ६४ बिट एक्स८६ वर 'व्हीमॅलॉकटोटल' समोर ३४३५९७३८३६७ केबी हा आकडा पाहून कुणी दचकतं. व्हीमॅलॉक म्हणजे कर्नल विखुरलेली पानं सलग पत्त्यांवर बसवतो तो भाग, आणि हा आकडा केवळ राखून ठेवलेला पत्त्यांचा पट्टा आहे, ३२ टीबीचा. त्यासाठी रॅम खर्च झालेली नसते.

पायरी २: नेमकं कुणाला कमी पडतंय?

आखणी बदलायला बसलेल्या निम्म्या लोकांना खरं तर आखणी बदलायची गरज नसते, असं माझं मत आहे. लक्षणं नीट वाचली तर ते तिथेच कळतं.

प्रोग्रॅमची बाजू उपाशी असेल तर एममॅप किंवा मॅलॉक (मेमरी मागण्याचे कॉल) नकार देतं, पण 'आरएसएस' (प्रत्यक्ष वापरातली रॅम) मात्र बेताचाच असतो. '/प्रॉक' मधल्या त्या प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलमध्ये 'व्हीएमपीक' (पत्त्यांचा आजवरचा कमाल वापर) पाहा. ३२ बिट प्रोग्रॅममध्ये तो ३ जीबीच्या जवळ पोचला असेल तर निदान झालं.

कर्नलची बाजू उपाशी असेल तर 'व्हीमॅप ॲलोकेशन फॉर साइझ... फेल्ड' असा संदेश येतो, आणि व्हीमॅलॉक वाढवा असा सल्लाही कर्नल त्याच ओळीत देतो. किंवा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) धावून येतो, आणि त्याच्या अहवालात 'नॉर्मल' झोन (कर्नलला थेट वापरता येणारी रॅम) कोरडा पडलेला आणि 'हायमेम' झोन भरपूर मोकळा दिसतो. ही दुसरी खूण एकदा ओळखता आली की पुढे चुकत नाही.

तिसरी शक्यता फसवी आहे. पत्तेही मोकळे, रॅमही मोकळी, तरी 'मेमरी नाही' हेच उत्तर. तेव्हा बहुधा त्या प्रोसेसच्या नकाशातल्या (तिला दिलेल्या पत्त्यांच्या यादीतल्या) तुकड्यांची संख्या मर्यादेला टेकलेली असते. त्यावर उपाय शेवटच्या पायरीत आहे आणि त्यासाठी कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही. आणि खरोखरच रॅम संपली असेल तर या लेखातलं काहीच कामाचं नाही.

पायरी ३: ३२ बिट यंत्रावरची वाटणी

३२ बिटमध्ये एकूण पत्ते ४ जीबी. लिनक्समध्ये नेहमीची वाटणी ३ आणि १ अशी: खालचे ३ जीबी प्रोग्रॅमला, वरचा १ जीबी कर्नलला. कर्नलच्या त्या १ जीबीतही पुन्हा वाटे आहेत. एक्स८६ वर ८९६ एमबीमध्ये खरी रॅम सरळ, एकास एक बसवलेली असते, हीच लोमेम. उरलेले १२८ एमबी व्हीमॅलॉक, तात्पुरते नकाशे आणि ठरीव पत्त्यांच्या नकाशांसाठी. ८९६ एमबीच्या पलीकडची रॅम म्हणजे हायमेम: कर्नलला ती हवी असेल तेव्हा एखाद्या तात्पुरत्या खिडकीतून आणावी लागते. ३२ बिट आर्मवर व्हीमॅलॉकचा वाटा मोठा असल्यामुळे लोमेम साधारण ७६० एमबीच उरते. म्हणूनच १ जीबी रॅमच्या बोर्डावरही हायमेमची भानगड निघते.

कॉन्फिगमध्ये या वाटणीला 'मेमरी स्प्लिट' म्हणतात. एक्स८६ वर तो पर्याय 'जनरल सेटअप' मधला तज्ज्ञांसाठीचा 'एक्सपर्ट' पर्याय चालू केल्याशिवाय दिसतच नाही, आणि 'माझ्या मेन्यूत हे नाहीच' या तक्रारीचं कारण नव्वद टक्के वेळा तेच असतं. पर्याय असे:

'व्हीएमस्प्लिट_३जी' म्हणजे नेहमीची वाटणी.

'व्हीएमस्प्लिट_३जी_ऑप्ट' मध्ये सीमा २.७५ जीबीवर येते आणि कर्नलला १.२५ जीबी मिळतात. बरोबर १ जीबी रॅम असलेल्या यंत्रासाठी हा पर्याय जणू मापून शिवला आहे: सगळी रॅम लोमेममध्ये बसते आणि हायमेम पूर्ण बंद करता येतं. अशा यंत्रावर मी डोळे झाकून हाच निवडेन.

'व्हीएमस्प्लिट_२जी' निम्मे-निम्मे करतो. 'व्हीएमस्प्लिट_२जी_ऑप्ट' प्रोग्रॅमला १.८७५ जीबी ठेवून पूर्ण २ जीबी रॅम लोमेममध्ये बसवतो. 'व्हीएमस्प्लिट_१जी' मध्ये प्रोग्रॅमला फक्त १ जीबी उरतो. फाइल सर्व्हर किंवा राउटरसारखं, जिथे सगळं काम कर्नलच करतो, असं यंत्र सोडून याच्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही 'ऑप्ट' पर्यायांची सीमा १ जीबीच्या पटीत बसत नाही. एक्स८६ वर पीएई (३२ बिट प्रोसेसरला जास्त रॅम जोडू देणारी सोय) चालू असेल किंवा आर्मवर तशीच एलपीएई, तर ते उपलब्ध नसतात, कारण तिथे वरच्या पातळीचं एकेक खानं नेमक्या १ जीबीचं असतं. पीएईमुळे पत्त्याची नोंद ४ ऐवजी ८ बाइटची होते आणि खरी मेमरी ६४ जीबीपर्यंत जोडता येते, पण आभासी पत्ते तेवढेच ४ जीबी राहतात. हिशेब करून पाहा: ६४ जीबी म्हणजे ४ केबीची १,६७,७७,२१६ पानं. दर पानामागे कर्नल स्वतःजवळ एक नोंद ठेवतो. ती ३२ बाइटची धरली तरी ५१२ एमबी झाली, आणि ती सगळी ८९६ एमबीच्या लोमेममधूनच जाते. म्हणजे जितकी जास्त रॅम लावाल तितका कर्नल स्वतः गुदमरतो. या कोंडीवर इंगो मोल्नार यांनी २००३ मध्ये ४ आणि ४ वाटणीचा पॅच काढला होता. त्यात कर्नल आणि प्रोग्रॅम दोघांनाही जवळजवळ पूर्ण ४ जीबी मिळायचे, पण प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागितलं की) पेज टेबल बदलावं लागायचं. तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. रेड हॅटने मात्र आपल्या 'ह्यूजमेम' कर्नलांत तो दिला.

वाटणी बदलली की प्रोग्रॅमच्या बाजूने काय मोडतं तेही पाहा. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन तर ३ आणि १ वाटणी हवी असं स्पष्ट शब्दांत सांगतं आणि २ जीबीच्या वरची मेमरी हाताशी नाही म्हणून इशारा देतं. सलग मोठा हीप (चालताना लागणाऱ्या मेमरीचा साठा) मागणारे ३२ बिट प्रोग्रॅमही याच जागी अडखळतात.

वाटणीला हात न लावता फक्त व्हीमॅलॉक वाढवायचं असेल तर बूटच्या ओळीत 'व्हीमॅलॉक=२५६एम' द्या. एक्स८६ वर त्याची किंमत लोमेममधून वसूल होते: ८९६ चे ७६८ होतात. एकीकडे दिलं की दुसरीकडून गेलंच.

प्रोसेसर ६४ बिट असेल आणि केवळ जुने प्रोग्रॅम ३२ बिटचे असतील, तर हा सगळा खटाटोप सोडून ६४ बिट कर्नल टाका. त्याच्यावर ३२ बिट प्रोग्रॅमला जवळजवळ पूर्ण ४ जीबी मिळतात, कारण कर्नल स्वतः कुठेतरी वर निघून गेलेला असतो. विंडोजवरही चित्र तसंच आहे. ३२ बिट विंडोज २ आणि २ अशी वाटणी करतं, 'बीसीडीएडिट' मधून 'इन्क्रीजयूझरव्हीए' ला ३०७२ दिलं तर प्रोग्रॅमला ३ जीबीपर्यंत मिळतात, पण तो प्रोग्रॅम 'लार्ज ॲड्रेस अवेअर' म्हणून लिंक केलेला असला तरच. तोच प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर नेला की ४ जीबी मिळतात.

पायरी ४: ६४ बिट एक्स८६ चा नकाशा वाचणं

६४ बिटमध्ये वाटणीचा प्रश्न मागे पडतो, तरी नकाशा कळायला हवा, नाहीतर क्रॅशच्या लॉगमधले पत्ते नुसते आकडे राहतात.

नेहमीच्या ४ पातळ्यांत पत्त्याचे ४८ बिट असे तुटतात: ९, ९, ९, ९ आणि १२. चार नवांनी पीजीडी, पीयूडी, पीएमडी आणि पीटीई या चार टेबलांतली खानी निवडली जातात, आणि शेवटचे १२ बिट ४ केबीच्या पानातली जागा दाखवतात. ९ बिट म्हणजे ५१२ खानी, दर खानं ८ बाइट, म्हणून प्रत्येक टेबल नेमकं एका पानात मावतं. एक खरा पत्ता घ्या: पीआयई (कुठल्याही पत्त्यावर चढवता येण्याची सोय) नसलेले जुने एक्स८६-६४ प्रोग्रॅम ४ एमबीच्या पत्त्यावर चढवले जातात. पीटीईचं एक टेबल २ एमबी व्यापतं, म्हणून या पत्त्यासाठी पीजीडीतलं खानं ०, पीयूडीतलं ०, पीएमडीतलं २, पीटीईतलं ० आणि पानातली जागा ०. एवढं हाताने एकदा करून पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पीजीडीचं एकेक खानं ५१२ जीबीचं. ० ते २५५ ही खानी प्रोग्रॅमची: १२८ टीबी. प्रोग्रॅमचा स्टॅक बहुधा २५५ व्या खान्यात, अगदी वर. २५६ पासून ५११ पर्यंत कर्नल. या दोन अर्ध्यांच्या मधले पत्ते, म्हणजे ज्यांचे वरचे १७ बिट सारखे नाहीत ते, प्रोसेसर स्वीकारतच नाही. कर्नलच्या अर्ध्यात २५६ ते २७१ ही ८ टीबीची जागा मोकळी सोडलेली आहे. ती हायपरव्हायझरसाठी (आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीसाठी) राखीव. २७३ पासून १२८ खानी, म्हणजे ६४ टीबी, सगळी रॅम सरळ बसवण्यासाठी. ४०२ पासून ३२ टीबी व्हीमॅलॉक (मघाचा मेमइन्फोमधला तो आकडा हाच). ४६८ पासून १ टीबीत प्रत्येक पानाच्या नोंदींचा तक्ता. आणि ५११ व्या खान्यात, सगळ्यात वरच्या २ जीबीत, कर्नलचा स्वतःचा कोड आणि मॉड्यूल. कोड तिथेच ठेवण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: कंपायलरला ३२ बिटच्या चिन्हांकित अंतराने सगळीकडे पोचता येतं, त्यामुळे सूचना लहान राहतात.

'रँडमाइझ_मेमरी' चालू असेल तर सरळ नकाशा, व्हीमॅलॉक आणि पानांचा तक्ता यांच्या सुरुवाती दर बूटला सरकतात, म्हणून वरचे क्रमांक मूळ आखणीचे समजा. कर्नलचा कोडही केएएसएलआरमुळे (बूटच्या वेळी त्याची जागा यादृच्छिक ठरवणाऱ्या सोयीमुळे) सरकतो. एक्स८६ वर ते २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत आलं आणि २०१७ च्या ४.१२ पासून आपोआप चालू असतं. जीडीबी या डीबगरने कर्नल तपासताना चिन्हं (फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते) जुळत नसतील तर त्या चाचणीपुरतं 'नोकेएएसएलआर' द्या. जनतेसमोर असलेल्या सर्व्हरवर ते विसरून तसंच राहू देऊ नका.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन (प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारा प्रोसेसरांतला दोष) उघड झालं, तेव्हापासून बाधित प्रोसेसरांवर प्रत्येक प्रोसेसला दोन पीजीडी असतात: एक पूर्ण, आणि दुसरा प्रोग्रॅम चालताना वापरायचा, ज्यात कर्नलचा जेमतेम प्रवेशद्वारापुरता भाग असतो. ४ आणि ४ च्या पॅचमधली जुनी कल्पना अशी वेगळ्याच कारणासाठी परत आली, ही मला या विषयातली मोठी गंमत वाटते.

आता ५ पातळ्या. आणखी एक नऊ मिळाला की ५७ बिट होतात: एकूण १२८ पीबी, त्यातले ६४ पीबी प्रोग्रॅमला. लिनक्समध्ये ही सोय ४.१४ मध्ये आली, आणि ४.१७ पासून एकच कर्नल बूट होताना ४ की ५ हे ठरवू शकतो. '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधल्या फ्लॅगांत 'एलए५७' दिसलं तर ५ पातळ्या चालू आहेत. नको असतील तर बूटच्या ओळीत 'नो५एलव्हीएल'. ६४ टीबीच्या आत रॅम असेल तर ५ पातळ्यांचा फायदा जवळपास कुणालाच दिसत नाही. तोटाही मोजूनच कळावा इतका छोटा.

प्रोग्रॅम मोडतील का? ही भीती खरी आहे, कारण पॉइंटरच्या वरच्या मोकळ्या १६ बिटांत स्वतःची माहिती कोंबणारे प्रोग्रॅम कमी नाहीत. जावास्क्रिप्टची इंजिनं त्यात अग्रेसर. म्हणून कर्नल सावधपणे वागतो: एममॅपला स्वतःहून ४७ बिटच्या वरचा पत्ता सुचवल्याशिवाय वरची जागा देतच नाही.

पायरी ५: आर्म६४, आणि पानाचा आकार

आर्म६४ वर प्रोग्रॅम आणि कर्नल यांना वेगवेगळे टेबल रजिस्टर आहेत, टीटीबीआर० आणि टीटीबीआर१. त्यामुळे इथे ४८ बिट म्हणजे दोघांनाही प्रत्येकी पूर्ण २५६ टीबी. एक्स८६ चा आकडा डोक्यात ठेवून इथे हिशेब केला की निम्म्याची चूक होते.

मेन्यूत 'कर्नल फीचर्स' खाली दोन निर्णय आहेत: पानाचा आकार आणि पत्त्याची रुंदी. ते एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि नातं पाठ करण्यापेक्षा काढता आलेलं बरं. ४ केबीच्या पानात ८ बाइटची ५१२ खानी, म्हणजे ९ बिट. तीन पातळ्यांना २७ अधिक १२, म्हणजे ३९ बिट, चारांना ४८. १६ केबीच्या पानात २०४८ खानी, ११ बिट, पानातली जागा १४ बिट: तीन पातळ्यांना ४७. ६४ केबीच्या पानात ८१९२ खानी, १३ बिट, पानातली जागा १६: दोनच पातळ्यांत ४२ बिट. रिस्क-व्हीची एसव्ही३९, एसव्ही४८ आणि एसव्ही५७ ही नावंसुद्धा याच गणितातून आलेली आहेत. तिथेही कर्नल बूटच्या वेळी पातळ्या ठरवतो, आणि 'नो४एलव्हीएल' व 'नो५एलव्हीएल' या सूचना पाळतो.

लहान बोर्डांवर ४ केबी आणि ३९ बिट हा संच अजूनही उत्तम आहे: ५१२ जीबी प्रोग्रॅमला पुरून उरतात आणि टीएलबी (नुकत्याच शोधलेल्या पत्त्यांचा प्रोसेसरमधला साठा) चुकल्यावर एक टेबल कमी चाळावं लागतं. अपवाद मेमरीच्या चुका शोधणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरसारख्या, पत्त्यांचे अफाट पट्टे राखणाऱ्या साधनांचा.

पान मोठं केलं की टीएलबीच्या तेवढ्याच नोंदींत जास्त मेमरी मावते, आणि मोठा डेटा चाळणाऱ्या कामांना वेग जाणवतो. पण आधी हे तीन खड्डे पाहून ठेवा.

पहिला: स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. स्वॅपची खूण पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे ४ केबीच्या कर्नलवर बनवलेली स्वॅप १६ किंवा ६४ केबीच्या कर्नलला जुळत नाही. 'एमकेस्वॅप' पुन्हा चालवावं लागतं.

दुसरा: पान ४ केबीचंच असतं असं धरून बांधलेले प्रोग्रॅम. जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी एक लायब्ररी) लहान पानासाठी बांधलेलं असेल तर मोठ्या पानाच्या कर्नलवर 'अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ' म्हणून सुरूच होत नाही. अँड्रॉइड १५ ने १६ केबीच्या पानांना आधार दिला, तेव्हा नेटिव्ह लायब्ररी असलेली ॲप नव्या संरेखनाने पुन्हा बांधावी लागली ती याचमुळे.

तिसरा खड्डा फारसा कुणी सांगत नाही. ह्यूज पेजचा, म्हणजे अनेक पानांच्या जागी वापरायच्या एका मोठ्या पानाचा, आकारही फुगतो. ४ केबीला तो २ एमबी असतो, १६ केबीला ३२ एमबी, आणि ६४ केबीला चक्क ५१२ एमबी. ट्रान्सपरंट ह्यूज पेजवर (कर्नल आपोआप देतो त्या ह्यूज पेजवर) विसंबलेला डेटाबेस ६४ केबीच्या कर्नलवर नेला आणि ५१२ एमबीचे सलग तुकडे मिळेनात, तर हाती आलेला फायदा तिथेच जिरतो. शिवाय पेज कॅशमध्ये (फाइलींच्या रॅममधल्या साठ्यात) लहानात लहान फाइलही एक अख्खं पान अडवते. हजारो चिमुकल्या फाइलींच्या सर्व्हरवर ६४ केबी नको.

पायरी ६: बांधा, पण जुना कर्नल हाताशी ठेवा

चालू कॉन्फिग स्रोताच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' म्हणून कॉपी करा, एक प्रत बाजूला ठेवा, आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग'. मग 'मेक मेन्यूकॉन्फिग' मध्ये एकच निर्णय बदला. 'लोकलव्हर्जन' मध्ये काही ओळखीचं जोडा, उदाहरणार्थ '-स्प्लिट२जी'. म्हणजे मॉड्यूलांचा फोल्डर वेगळा होतो आणि जुन्याला धक्का लागत नाही. बाहेर पडल्यावर 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' ने जुनी आणि नवी कॉन्फिग ताडून पाहा. तुम्ही एक ओळ बदललेली असते आणि अवलंबनांमुळे चार बदललेल्या दिसतात. त्या चारही वाचा.

मॉड्यूल सगळी पुन्हा बांधा, स्रोताबाहेरचीसुद्धा. पत्त्यांची गणितं त्यांच्या कोडात थेट मुरलेली असतात, त्यामुळे जुनं मॉड्यूल नव्या आखणीत चढलं तरी त्याचा भरवसा नाही.

प्रत्यक्ष यंत्रावर टाकण्याआधी क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये बूट करून पाहा. '-सीपीयू मॅक्स' दिलं की ५ पातळ्यांचा प्रोसेसर हाताशी नसतानाही ती आखणी तपासता येते. नंतर खऱ्या यंत्रावर बूट लोडरमध्ये जुनी नोंद तशीच ठेवा आणि नव्या नोंदीला 'पॅनिक=३०' जोडा. कर्नल कोसळला तर ३० सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं. दूरवरच्या यंत्रासाठी हे फार महत्त्वाचं.

उठल्यावर पायरी १ मधला कागद काढा आणि तेच पाच आकडे पुन्हा घ्या. ३२ बिटवर लोमेम अपेक्षेइतकी वाढली का, आणि 'हायटोटल' शून्य झालं का? आखणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर कॉन्फिगमध्ये 'पीटीडंप_डीबगएफएस' चालू करा. डीबगएफएसमध्ये (कर्नल तपासण्यासाठीच्या फाइलींत) कर्नलच्या पेज टेबलचा पूर्ण उतारा मिळतो, विभागांच्या नावांसकट. ती फाइल चालू सर्व्हरवर कायम उघडी ठेवू नका, कारण केएएसएलआरने लपवलेलं सगळं तिच्यात लिहिलेलं असतं.

पायरी ७: चालत्या यंत्रावरच्या कळा

या 'सिससीटीएल' कमांडने बदलतात आणि बहुतेकांचं काम इथेच होतं.

'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट': एका प्रोसेसच्या नकाशात किती तुकडे असू शकतात. मूळ किंमत ६५५३०, आणि हा विचित्र आकडा कोअर डंपमधल्या (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या फाइलीतल्या) विभागांची संख्या १६ बिटांत मावावी म्हणून निवडलेला. इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर २६२१४४ मागतं ते याचंच. पायरी २ मधल्या तिसऱ्या लक्षणात त्या प्रोसेसच्या 'मॅप्स' फाइलमधल्या ओळी मोजा. संख्या ६५ हजारांच्या आसपास असेल तर हीच कळ. वाढवण्यात फारसा धोका नाही.

'व्हीएम.एममॅप_मिन_ॲड्र': सर्वांत खालचा किती भाग प्रोग्रॅमला मिळू द्यायचा नाही. साधारणपणे ६५५३६. शून्य पत्त्यावर काही बसवता आलं तर कर्नलमधला शून्य पॉइंटरचा साधा दोषसुद्धा यंत्राचा ताबा मिळवायला वापरता येतो. एखादा जुना एम्युलेटर ही किंमत ० करायला सांगत असेल, तर तो एम्युलेटर आभासी यंत्रात हलवा.

'व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स': पत्ते किती बिटांनी विस्कटायचे. एक्स८६-६४ वर २८ ते ३२. पानं ४ केबीची असल्यामुळे २८ बिटांनी १ टीबीचा पसारा मिळतो, ३२ बिटांनी १६ टीबीचा. काही वितरणांनी ही किंमत ३२ वर नेली, आणि थ्रेड सॅनिटायझरच्या जुन्या आवृत्त्या 'अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग' म्हणत कोसळू लागल्या, कारण त्यांनी पत्त्यांचे पट्टे आधीच ठरवून ठेवले होते. एका प्रोग्रॅमपुरती अडचण असेल तर 'सेटआर्च -आर' ने तो विस्कटण्याविना चालवा आणि यंत्रभरची किंमत तशीच राहू द्या.

'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी': असलेल्या मेमरीहून जास्त कबूल करायची का. ० म्हणजे कर्नल अंदाजाने ठरवतो, १ म्हणजे कधीच नाही म्हणत नाही, २ म्हणजे काटेकोर हिशेब. २ मध्ये मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा, मूळ हिस्सा ५० टक्के. स्वॅप नसलेल्या यंत्रावर २ लावला तर निम्मी रॅम मोकळी असतानाच नकार येऊ लागतात. आधी मेमइन्फोमधले 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस' शेजारी ठेवून पाहा.

राहिलं 'यूलिमिट -व्ही'. हे पत्त्यांवर मर्यादा घालतं, रॅमवर नव्हे, आणि ६४ बिटवर या दोन्हींचा संबंध उरलेला नाही. ॲड्रेस सॅनिटायझर आपल्या सावलीसाठी (तपासणीच्या नोंदींसाठी) पत्त्यांचा आठवा भाग राखतो, म्हणजे १२८ टीबीपैकी १६ टीबी. प्रत्यक्ष रॅम मात्र वापरेल तेवढीच लागते. तिथे ८ जीबीची मर्यादा घातली तर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपर्यंतही पोचणार नाही. रॅमला लगाम घालायचा असेल तर सीग्रुपमधलं (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या सोयीतलं) 'मेमरी.मॅक्स' वापरा.